वाहन उचलणे व आधार देणे

दुरुस्ती, तपासणी किंवा चाकबदल यांसाठी मोटारवाहनाचा काही भाग अथवा संपूर्ण वाहन जमिनीपासून वर उचलणे आणि उचललेला भार न हलणाऱ्या आधारांवर टेकविणे, अशा या दोन क्रिया आहेत. व्यवहारात त्या एकच मानल्या जातात व अपघातांचे मूळ पुष्कळदा तेथेच असते. उचलण्याचे काम जॅक करतो. तोलून धरण्याचे काम घोडी, लाकडी ठोकळ्यांची चळत किंवा तत्सम दृढ आधार करतो. केवळ चाक बदलावयाचे असल्यास माणसाचे शरीर वाहनाखाली जात नाही व जॅक निसटला तरी बहुधा वाहनाचेच नुकसान होते. ब्रेक, कमानपाटे, गिअरपेटी किंवा प्रेरक दंड यांच्या कामासाठी मात्र कारागिराला डोके व छाती वाहनाखाली न्यावी लागते. अशा वेळी जॅकवर विसंबणे म्हणजे एका झडपेवर जीव सोपविणे होय.

जड भार थोड्या उंचीपर्यंत उचलण्याची गरज फार जुनी आहे. पहार व पाचर यांच्या साह्याने दगड उचलणे व फटीत क्रमाक्रमाने ठोकळे सारणे ही पद्धत आजही विहिरींच्या व बांधकामाच्या कामावर दिसते. आणि तिच्यात ‘जेवढे उचलले तेवढे लगेच टेकविले’ हे तत्त्व आपोआप पाळले जाते. मळसूत्री उत्थापकाचे रेखाटन तेराव्या शतकातील फ्रेंच रेखाटनकार व्हीलार द ऑनकूर यांच्या वहीत आढळते. द्रवाच्या दाबाचा उपयोग करणारे दाबयंत्र इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये तयार केले व हाताने वापरता येण्याजोग्या द्रवीय जॅकचे एकस्व रिचर्ड डजन यांनी न्यूयॉर्क येथे १८५१ मध्ये मिळविले. मोटारगाड्यांचा प्रसार झाल्यावर या साधनांचे लहान व स्वस्त प्रकार गाडीबरोबरच मिळू लागले आणि उत्थापनाचे काम कारखान्यातून रस्त्याच्या कडेला आले.

जॅकचे प्रकार : मळसूत्री जॅकमध्ये दांडा फिरविला असता जाड आट्यांचा स्तंभ वर सरकतो. आट्यांमधील अंतर १० मिमी. व दांड्याची लांबी ५० सेंमी. असल्यास एका फेऱ्यात हात सुमारे ३१४ सेंमी. फिरतो व भार केवळ १ सेंमी. वर जातो. घर्षण नसते तर २५ किग्रॅ. प्रेरणेने जवळजवळ ७,८५० किग्रॅ. भार उचलला गेला असता. परंतु अशा मळसूत्राची कार्यक्षमता २५ टक्क्यांच्या आसपास असते व प्रत्यक्षात दोन टनांच्या जवळपास भार उचलला जातो. या अपव्ययाचा एक फायदा आहे. कार्यक्षमता निम्म्याहून कमी असली की, भाराच्या दाबाने मळसूत्र आपण होऊन उलटे फिरत नाही; हात सोडला तरी जॅक आहे तेथेच राहतो. [⟶ घर्षण].

ट्रकचालकांच्या वापरात असलेला बाटलीच्या आकाराचा जॅक द्रवीय असतो. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या पास्काल यांच्या नियमावर तो चालतो. पंपाचा दट्ट्या १ सेंमी. व उचलणारा दट्ट्या ४ सेंमी. व्यासाचा असेल, तर क्षेत्रफळांचे गुणोत्तर १६ होते. दांड्याच्या तरफेमुळे त्यात आणखी पंधरापट वाढ झाली, तर २५ किग्रॅ. प्रेरणेपासून तत्त्वतः सहा टन उत्थापन मिळते. मात्र त्यासाठी आतील तेलावर दर चौ. सेंमी.ला सुमारे ४७५ किग्रॅ. दाब पडतो आणि तो दाब रोखून धरण्यास एक लहानशी गोळीची झडप, एक सोडझडप व रबरी वा चामडी संधिकडे एवढीच सामग्री असते. झडपेच्या बैठकीवर वाळूचा कण अडकला, कडे झिजले किंवा सोडझडपेच्या पेचाला कोणाचा हात लागला की, तेल परत टाकीत जाऊ लागते. कधी गाडी तासाभरात बोटभर खाली येते, कधी क्षणात बसते. नवा व उत्तम जॅकही याला अपवाद नाही. म्हणून त्याची क्षमता वाढविल्याने हा धोका टळत नाही. दहा टनी जॅकच्या जागी वीस टनी जॅक लावला, तर उचलणे सोपे होते. खाली शिरणे सुरक्षित होत नाही.

चाकांवर सरकणारा जॅक, गाडीच्या कमी उंचीसाठीचा कात्री जॅक आणि हवेने फुगणारी पिशवी हे अन्य प्रकार होत. कात्री जॅक हलक्या मोटारगाडीचे चाक बदलण्यापुरताच असतो व जड वाहनाखाली तो कधीही वापरू नये.

भार व उचलण्याची जागा : कोणत्या आसावर किती भार आहे हे ठाऊक असल्याखेरीज साधन निवडता येत नाही. भारतात चार टायर असलेल्या एकेरी आसावरील भाराची कायदेशीर मर्यादा जुलै २०१८ मध्ये १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली. अशा पूर्ण भरलेल्या आसाच्या एका टोकाला जॅक लावल्यास त्यावर जवळजवळ पावणेसहा टन भार येतो. डिफरेन्शियलच्या पेटीखाली मधोमध लावल्यास सगळा भार एकट्या जॅकवर येतो आणि गाडी एका बिंदूवर डुलू लागते. जॅक आसाखाली, कमानपाट्याच्या बैठकीजवळ किंवा उत्पादकाने दर्शविलेल्या जागीच लावावा. इंजिनाची तेलटाकी, डिफरेन्शियलचे पत्र्याचे झाकण, इंधनाची टाकी, सुकाणूचे दांडे व पत्र्याचा तळ या जागा भारासाठी नसतात.

एका बाजूनेच उचलताना आस तिरका होतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. दोन बाजूंच्या चाकांमधील अंतर १.८ मी. असताना एक बाजू १५ सेंमी. उचलली, तर आस जवळजवळ ५ अंशांनी कलतो आणि उचललेल्या भाराच्या सुमारे बाराव्या हिश्शाइतकी प्रेरणा जॅकचे डोके बाजूला ढकलू लागते. ग्रीस लागलेल्या पोलादावर पोलादाचा घर्षणांक ०.१ च्या आसपास असतो. म्हणजे घसरण्यापासून मिळणारे संरक्षण जेमतेम उरते. डोके व आस पुसून कोरडे करणे आणि मध्ये कठीण लाकडाची पातळ फळी घालणे एवढ्या साध्या उपायाने ते कित्येक पटींनी वाढते. जॅकवर जॅक किंवा जॅकखाली गोल दगड ठेवून उंची मिळविण्याची सवय रस्त्यावर सर्रास दिसते. ती या तिरप्या प्रेरणेला आमंत्रणच देते.

वाहन स्थिर करणे : हातब्रेक बहुधा मागील चाकांवर चालतो. मागचे एक चाक उचलले की त्याचा निम्मा उपयोग संपतो व दोन्ही बाजू उचलल्या की तो मुळीच उरत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवली म्हणजे ती हलणार नाही, ही समजूत तर अधिकच घातक आहे. चालक आसावरील डिफरेन्शियलची रचनाच अशी असते की, अधांतरी चाक उलटे फिरू शकते व त्यामुळे जमिनीवरचे दुसरे चाक पुढे गडगडण्यास मोकळे होते. रस्त्याला पन्नासास एक इतकाच उतार असला, तरी दहा टनांच्या गाडीला २०० किग्रॅ. प्रेरणा खाली ओढत असते. यासाठी जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून व मागून, दोन्हीकडून, पाचरी लावणे आवश्यक असते. रस्त्यावर मिळेल तो दगड चाकापुढे टाकण्यापेक्षा बाभळीच्या लाकडाच्या चार पाचरी गाडीत बाळगणे श्रेयस्कर. (काम झाल्यावर चाकाचा दगड रस्त्यातच सोडून जाण्याच्या प्रघाताने मागून येणाऱ्या दुचाकीस्वारांवर कोणते प्रसंग ओढवतात, ते सांगण्याची गरज नाही.) चाकाच्या चाक्या गाडी जमिनीवर असतानाच थोड्या सैल कराव्यात, उचललेल्या गाडीवर लांब नळीने झटके दिल्यास ती जॅकवरून ढकलली जाते. काही ट्रकांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, हेही अशा झटक्यांचे एक कारण असते.

जमीन : उचललेला सर्व भार शेवटी जमिनीवर येतो आणि साधनांचा विचार करणारा चालक बहुधा हेच विसरतो. जॅकची बैठक १२ सेंमी. चौरस असेल व तिच्यावर चार टन भार असेल, तर जमिनीवर दर चौ. सेंमी.ला सुमारे २८ किग्रॅ. दाब पडतो. डांबरी रस्ता थंडीत हे सोसतो. उन्हाळ्यात मऊ झालेल्या डांबरात बैठक हळूहळू रुतते. काळ्या मातीला हा दाब कोणत्याही ऋतूत पेलत नाही. पायासाठी कोरड्या काळ्या मातीची सुरक्षित धारणक्षमता दर चौ. सेंमी.ला १ ते १.५ किग्रॅ. धरतात व माती भिजल्यावर ती त्याच्या निम्म्याहून खाली येते. या मातीतील माँटमोरिलोनाइट हे चिकण खनिज पाणी शोषून फुगते व सुकताना आकुंचन पावते. त्यामुळे वरून कडक दिसणाऱ्या पापुद्र्याखाली भेगा किंवा ओल असू शकते आणि जॅक प्रथम स्थिर वाटून मग एका बाजूला झुकतो.

मराठवाड्यात या फरकाचा अनुभव थोड्या अंतरात येतो. बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वडवणी हे तालुक्याचे गाव बालाघाटचा डोंगराळ भाग आणि सिंदफणा–गोदावरीकडील सखल प्रदेश यांच्या मध्ये आहे. डोंगराकडील बाजूस मातीचा थर पातळ असून खाली मुरूम व बेसाल्ट खडक लागतो. सखल भागाकडे काळ्या मातीची खोली वाढत जाते. मुरमाच्या जागेवर एका फळीने भागते, तर शेताच्या बांधालगत किंवा रस्त्याच्या काळ्या कडेवर तेवढी फळी बुडते. चार टनांसाठी ६० सेंमी. चौरस बैठक केल्यास दाब दर चौ. सेंमी.ला १.१ किग्रॅ. इतका उतरतो. मात्र ही बैठक एका पातळ फळीची असून भागत नाही, कारण फळी मध्ये वाकते व भार पुन्हा मधल्या जागेवर एकवटतो. किमान ७ ते ८ सेंमी. जाडीच्या ओंडक्यांचे दोन थर एकमेकांना काटकोनात रचावे लागतात. शक्य असल्यास वाहन चार पावले पुढे नेऊन मुरमावर किंवा काँक्रीटवर घेणे हा यापेक्षा सोपा उपाय आहे. पंक्चर टायरवर गाडी शंभर मीटर हळू नेल्याने टायर कदाचित निकामी होतो; पण पावसाळ्यात चिखलात उचललेल्या ट्रकाखाली शिरण्यापेक्षा ती किंमत कमीच होय.

आधार : पोलादी घोडी तीन किंवा चार पायांची असून तिचा मधला स्तंभ खिळीने किंवा दात्यांनी हव्या त्या उंचीवर अडकवितात. घोड्या नेहमी जोडीने व समान उंचीवर लावाव्यात. काही उत्पादक जोडीची मिळून क्षमता लिहितात, काही एका घोडीची. हे वाचल्यावाचून भार टाकू नये. गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत नळ व लोखंडी कोन जोडून घोड्या करून घेतात व त्या चांगल्याही असतात. त्यांचा कच्चा दुवा बहुधा खिळीत असतो. सौम्य पोलादाची कर्तन सामर्थ्य-मर्यादा दर चौ. सेंमी.ला सुमारे ३,००० किग्रॅ. धरल्यास, दोन ठिकाणी आधारलेली २० मिमी. व्यासाची खिळी सुमारे १९ टनांना तुटते व चौपट सुरक्षितता ठेवून तिच्यावर पावणेपाच टनांपर्यंत भार देता येतो. तीच खिळी हरवल्यावर तिच्या जागी १२ मिमी.ची सळई घातली, तर सुरक्षित भार १.७ टनांवर घसरतो. खिळी दोरीने किंवा साखळीने घोडीलाच बांधून ठेवल्यास हा प्रसंग येत नाही.

लाकडी ठोकळ्यांची चळत हा जड वाहनांसाठी घोडीहूनही विश्वासू आधार होय. दोन ठोकळे समांतर, त्यांवर दोन आडवे, याप्रमाणे चळत रचतात. तिची उंची पायाच्या रुंदीच्या दुपटीपेक्षा अधिक होऊ देऊ नये. यासाठी बैलगाडीच्या चाकांना व शेतीच्या अवजारांना पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली वाळलेली बाभूळ उत्तम. ती चिवट असते आणि भार फार झाल्यास एकाएकी न फुटता करकरून व दबून सूचना देते. विटांना हा गुण नसतो. भारतीय मानकांनुसार सर्वांत खालच्या वर्गातील विटेचे चिरडबल दर चौ. सेंमी.ला सुमारे ३५ किग्रॅ. असते. आसाचा अरुंद भाग ८ सेंमी. × १० सेंमी. एवढ्याच जागेवर टेकला व भार चार टन असला, तर दाब ५० किग्रॅ. होतो, म्हणजे वीट फुटणारच, आणि ती पूर्वसूचना न देता फुटते. सिमेंटचे पोकळ ठोकळे याहूनही वाईट. काळा बेसाल्ट दगड यांपेक्षा कितीतरी बळकट असतो. तथापि एकमेकांवर ठेवलेले ओबडधोबड दगड तीन-चार टोकांवरच टेकलेले असतात. दगड मजबूत असतो, दगडांची रास मजबूत नसते. चाकाची मोकळी लोखंडी रिम आडवी ठेवून तिचा आधार करण्याची पद्धतही धोक्याची आहे, कारण आस तिच्या गोल काठावरून सरकतो.

ऊसवाहतुकीची वाहने : वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर (कासार) इ. तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. जाताना ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसे, धान्य, भांडी, सरपण, शेरडे-कोंबड्या असा सगळा संसार असतो. हंगामात तेच वाहन ऊस ओढते. घरच चाकांवर घेऊन निघालेल्या या वाहनाखाली रस्त्यात काम करण्याची वेळ आली असता पहिली अट अशी की, वर बसलेल्या सर्वांना खाली उतरवून वाहनापासून दूर, रस्त्याच्या एकाच सुरक्षित बाजूस बसवावे. उन्हात गाडीच्या सावलीला टेकणे ही स्वाभाविक गोष्ट आहे. परंतु जॅकवर असलेल्या ट्रॉलीची सावली ही बसण्याची जागा नव्हे व लहान मुलांकडे याबाबतीत विशेष लक्ष द्यावे लागते.

ऊस भरलेल्या ट्रॉलीचा गुरुत्वमध्य उंच असतो व मोळ्या एका बाजूस सरकलेल्या असू शकतात. अशी ट्रॉली १० सेंमी. उचलली तरी वरचा ऊस बाजूला झुकतो व भाराची रेषा आधाराच्या कडेकडे जाते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. त्यांपैकी एकीचे चाक काढावयाचे असताना जोडखिळी काढून ट्रॉल्या सुट्या करण्याचा मोह टाळावा. ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली त्यातल्या त्यात स्थिर असते. सर्व जमिनीवरच्या चाकांना पाचरी लावून, आसाखाली रुंद बैठकीवर जॅक ठेवून, केवळ चाक सुटेल एवढेच उचलावे आणि जॅकशेजारी लगेच ठोकळ्यांची चळत सारावी. भरलेल्या वाहनाखाली चाकबदलाखेरीज दुसरे कोणतेही काम करू नये. पाटे तुटले असल्यास ऊस उतरविण्यावाचून मार्ग नसतो. हंगामात खेपेला पैसे असतात व कारखान्यावर वजनकाट्यासमोर रांग असते. त्यामुळे हा सल्ला कोणास आवडत नाही, पण भरल्या ट्रॉलीखालच्या कामाची सुरक्षित रीत अस्तित्वात नाही.

दोन चाकांच्या टायरगाडीची गोष्ट वेगळी आहे. बैल सोडल्यावर ती पुढे किंवा मागे कलंडते, म्हणून जुवाखाली लाकडी टेकू देतात. त्याला काही भागांत ‘शिपाई’ म्हणतात. चाक काढताना पुढे व मागे, दोन्हीकडे असा टेकू हवा. कलणारे हौदे असलेल्या ट्रॉल्यांतही हाच विचार लागू पडतो. ट्रॅक्टरच्या तेलदाबाने उचललेल्या हौद्याखाली ग्रीस घालण्यास किंवा नळी बदलण्यास शिरताना हौदा व सांगाडा यांमध्ये लोखंडी टेकू बसविलेला असावा. नळी सोडताच तेल मोकळे होते व हौदा खाली येतो, हे उघड असूनही नळी बदलण्यासाठीच माणूस त्याखाली जातो.

निवासी मोटारगाडी : झोपण्याची, स्वयंपाकाची व स्वच्छतेची सोय असलेल्या गाड्या महाराष्ट्रात अद्याप थोड्या असल्या, तरी राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून त्यांची ओळख वाढली आहे. या गाड्या साधारणतः व्हॅन, टेम्पो किंवा लहान बसच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात. मूळ सांगाडा ट्रकसारखाच असला, तरी भाराची वाटणी तशी नसते. पाण्याची टाकी, विजेचे संचायक, वातानुकूलन यंत्र व कपाटे ज्या बाजूस असतील, ती बाजू जड होते; २०० लि. पाणी म्हणजे २०० किग्रॅ. आणि टाकी अर्धी असेल, तर कलताना पाणी खालच्या बाजूस धावते. म्हणून उचलण्यापूर्वी टाक्या रिकाम्या कराव्यात, कपाटे बंद करावीत, स्वयंपाकाच्या वायूची टाकी बंद करावी आणि आत कोणीही राहू नये. आतील एका माणसाने कडेवरून कडेला चालणे एवढी हालचालही जॅकला जाणवते.

या गाड्यांच्या कोपऱ्यांना मुक्कामी डोलणे थांबविण्यासाठी खाली सोडावयाचे पाय असतात. ते गाडी समपातळीत आणण्यासाठी असून चाके उचलून गाडीखाली काम करण्यासाठी नसतात. ते बारीक असतात, आडवी प्रेरणा सोसत नाहीत आणि काही तेलदाबावर चालणारे असल्याने त्यांना जॅकचेच दोष लागू असतात. हवेच्या पिशव्यांवर तोललेल्या बसगाड्यांच्या बाबतीत तर जॅक न लावताही धोका असतो. पिशवीतील हवा गेली की संपूर्ण सांगाडा खाली येतो. त्यामुळे चाके जमिनीवर असली, तरी सांगाड्याखाली ठोकळे दिल्याशिवाय चाकाच्या कमानीत डोके घालू नये.

कामाचा क्रम : वाहन उचलून घोड्यांवर टेकविल्यावर जॅक सैल करून सर्व भार घोड्यांवर येऊ द्यावा, नंतर जॅक पुन्हा आसाला केवळ स्पर्श करील इतपत वर आणून तेथेच ठेवावा. काढलेले चाक आडवे करून सांगाड्याखाली सारावे, म्हणजे सर्व काही निसटले तरी माणसाच्या उंचीएवढी नव्हे, पण छातीच्या जाडीएवढी जागा उरते. खाली जाण्यापूर्वी बाहेर उभे राहून दोन्ही बाजूंनी गाडीला खांद्याने जोर द्यावा. ती किंचितही किरकिरली वा हलली, तर पुन्हा उतरवून प्रथमपासून सुरुवात करावी. ही परीक्षा एक मिनिटाची असून कोणत्याही उपकरणाशिवाय करता येते, तरी दुरुस्तीच्या ठिकाणी तीच सर्वांत क्वचित दिसते.

काम चालू असताना भार बदलतो याचेही भान असावे. गिअरपेटी किंवा मागचा आस काढून घेतल्यावर गाडीचा तोल दुसऱ्या टोकाकडे जातो. पाटे बदलताना आस सांगाड्यापासून सुटा होतो. त्या वेळी आधार आसाखाली असून उपयोग नाही, तो सांगाड्याच्या लांब तुळयांखाली हवा व आसाला जॅकचा वेगळा टेकू हवा. घट्ट बोल्ट सोडविताना पाना शक्यतो गाडीच्या लांबीच्या दिशेने नव्हे, तर वर-खाली ओढावा. इंजिन चालू ठेवून खाली राहू नये. जवळ एक माणूस असावा व त्याने चालकाच्या जागेवर कोणालाही चढू देऊ नये.

चाकाच्या संदर्भात एक स्वतंत्र धोका सांगणे आवश्यक आहे. कडीबंद रिमच्या चाकात हवा असताना कडी निसटल्यास ती प्राणघातक वेगाने उडते. जोडचाकांपैकी एकाची रिम तडकलेली असेल, तर चाक सोडविण्यापूर्वी दोन्ही टायरांतील हवा पूर्ण काढावी.

खड्डा व उतरण : वाहनाखाली नेहमी काम करावे लागते तेथे वाहन उचलण्याऐवजी माणूस खाली उतरेल अशी सोय करणे अधिक शहाणपणाचे ठरते. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर सुरू झालेल्या राज्य परिवहनाच्या आगारांत यासाठी काँक्रीटचे लांब खड्डे असतात व बस आपल्या चाकांवरच उभी राहून तिचा तळ तपासता येतो. मोठी कामे दापोडी (पुणे), चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) व हिंगणा (नागपूर) येथील मध्यवर्ती कार्यशाळांत होतात. खड्ड्यातही चाक काढावयाचे तर जॅक लागतोच. शिवाय पेट्रोलची वाफ आणि स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात साठतात. म्हणून निवासी गाडी खड्ड्यावर घेण्यापूर्वी तिची वायूटाकी काढून ठेवतात व उघडा दिवा वापरीत नाहीत. ग्रामीण भागात मातीची किंवा दगडी उतरण बांधून ट्रक तिच्यावर चढवितात. तिच्या कडा दरवर्षी पावसानंतर तपासाव्या लागतात.

अपघात झाल्यास : छातीवर भार आलेल्या माणसाचा श्वास हाड न मोडताही थांबतो व हातात मिनिटेच असतात. गाडी हातांनी उचलून धरण्याची धडपड करण्यापेक्षा दुसरा जॅक मजबूत जागी लावून उचलावे व प्रत्येक दोन बोटे उंचीला ठोकळा सारीत जावे, म्हणजे भार पुन्हा खाली येत नाही. गाडी पुढे-मागे ढकलू नये. हात किंवा पाय दीर्घकाळ दबलेला असेल, तर भार काढल्यानंतर स्नायूंतील विघटित द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंडांना व हृदयाला धोका उत्पन्न होतो. लंडनवरील बाँबवर्षावात ढिगाऱ्याखाली सापडलेल्या रुग्णांतील ही अवस्था एरिक बायवॉटर्स यांनी १९४१ मध्ये वर्णिली. त्यामुळे मोकळा होताच बरा दिसणारा माणूसही रुग्णालयात नेणे आवश्यक असते. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते.

उतरविणे व निगा : काम संपल्यावर प्रथम हत्यारे व माणसे मोजून बाहेर काढावीत. जॅकने घोड्यांवरचा भार उचलून त्या दूर केल्यावर सोडझडप पाव फेऱ्याने, हळूहळू उघडावी. चाकाच्या चाक्या गाडी जमिनीवर आल्यावर समोरासमोरच्या जोड्यांनी घट्ट करून, काही अंतर चालविल्यानंतर पुन्हा तपासाव्यात. द्रवीय जॅक उभाच ठेवावा, कारण आडवा ठेवल्यास हवा आत शिरते. त्यात जॅकचेच तेल घालावे. ब्रेकचे तेल घातल्यास संधिकडी फुगून निकामी होतात. दट्ट्या नेहमी पूर्ण खाली बसवून ठेवल्यास त्यावर धूळ व गंज चढत नाही. मळसूत्री जॅकचे आटे घासून अर्धे झाले असतील किंवा स्तंभ किंचितही वाकला असेल, तर त्याची दुरुस्ती करू नये, तो मोडीत काढावा.